मास्तर नवमीपर्यंत जगला पाहिजे

माझ्या बायकोचा जीव माझ्यावर नव्हता. शेजारच्या मास्तरच्या बायकोवर होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी ताटकळायला नको. माझं शिक्षण चौथीपर्यंत. गोष्ट फिरवून फिरवून सांगायला पाचवीत शिकवत असतील.

म्हातारीला, म्हणजे बायकोलाच, जाऊन दीड वर्षाच्या वर झालं. अजून सकाळी मी दोन कप चहा ठेवतो आणि दोन्ही मीच पितो. त्यानं पित्त वाढलं. डॉक्टर म्हणाला, एक कप कमी करा. त्याला काय सांगू, कुणाचा कमी करू?

आमचं लग्न आमच्या बापांनी बोरीच्या बाजारात ठरवलं. दोघं एका बैलाच्या सौद्याला बसले होते. बैल जमला नाही, लग्न जमलं. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते अंतरपाट खाली गेल्यावर. ती रडत होती. म्हटलं, सगळ्याच रडतात. वर्षभर रडली, तरी मला वाटलं, हिला सवयच असेल. मी काही वाईट नवरा नव्हतो. दारू नाही, मारझोड नाही. एकदा मी तिला हे बोलून दाखवलं, तर म्हणाली, "मारलं न्हाई म्हणून काय आरती ओवाळू?"

मास्तर आमच्या गावच्या शाळेवर बदलून आला आणि पुढं आमच्या भिंतीला भिंत लावून त्यानं घर बांधलं. मास्तरीण येलदरीकडच्या खेड्यातली. मोठ्यानं बोलणारी, त्याहून मोठ्यानं हसणारी. मास्तरला आवाजाचा त्रास. घरातसुद्धा तोंडावर बोट ठेवून 'शू' करायचा. बिचारी उभा जन्म वर्गात बसल्यासारखी नांदली. तिचंही लग्न तिला विचारून झालेलं नव्हतंच.

या दोघींचं कधी जमलं, मला माहीत नाही. मला एवढंच दिसायचं की दर उन्हाळ्यात आमच्या घरात कुरडयांचे डबे वाढायला लागले. कुरडई म्हणजे बायांचं सामाईक काम. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, त्याचा चीक शिजवायचा, सोऱ्यात भरून उन्हात पाडायचा. एकटीनं होत नाही, म्हणून एकमेकींच्या घरी जातात. पण आमच्या घरात खाणारी माणसं दोन, पोरगं पुण्याला, आणि कुरडया एका वरातीला पुरतील एवढ्या. म्हातारी रोज दुपारी सोऱ्या घेऊन मास्तरच्या स्लॅबवर. येताना तोंडावर ऊन लागलेलं आणि ओठावर हसू. उन्हानं कुणाला हसू येतं का?

चार वर्षांमागं माझ्या डोक्यात किडा शिरला. मास्तर रिटायर झालेला, दुपारचा घरीच. म्हटलं, हिचं आणि मास्तरचं काहीतरी हाय.

एका दुपारी दोघी चिकाचं पातेलं आणायला खाली गेल्या, तेव्हा मी मागच्या जिन्यानं वर चढलो. स्लॅबवर एक बाज होती, तिच्यावर जुनं लुगडं वाळत टाकलेलं. मी बाजेखाली शिरलो. शिरताना लक्षात आलं नाही, पण शेजारी लाल मिरच्या पसरलेल्या होत्या.

दोघी आल्या. पातेलं ठेवलं, कुरडया पाडल्या, मग दमून बाजेवर बसल्या. दोघी तब्येतीनं बऱ्या. बाजेची सुतळी ढिली. ती खाली आली ती थेट माझ्या नाकाला टेकली. हलता येईना, खोकता येईना. मास्तरची वाट बघत मी पडून राहिलो. मास्तर काही येईना.

लुगड्याच्या फटीतून मला समोरच्या टाकीच्या चकचकीत पत्र्यात दोघी दिसत होत्या. म्हातारीच्या कपाळाला चीक लागला होता. मास्तरणीनं तो पदरानं पुसला. मग पदर बाजूला सारला आणि राहिलेला ओठांनी पुसला. म्हातारीनं डोळे मिटले. एवढ्या वर्षांत तिला असे डोळे मिटताना मी पाहिलं नव्हतं. झोपायचीसुद्धा कपाळाला आठी घालून.

तेवढ्यात मिरचीनं काम केलं. मी शिंकलो.

मास्तरीण ओरडली, "कोण हाय रं खाली?" म्हातारीनं वाकून लुगडं उचललं. तिच्या चेहऱ्यावर ना भीती ना काही.

"बाहेर या," ती म्हणाली. "गुडघा धरंल."

"येता येईना. आदी तुमी दोघी उठा."

मी बाहेर आलो. नाकावर सुतळीची नक्षी उमटली होती. तरी मी छाती काढून विचारलं, "मास्तर कुठंय?"

"खाली घोरायलाय," मास्तरीण म्हणाली. "काहून?"

"मग ही रोज दुपारी कुणासाठी येती?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. आधी मास्तरीण फुटली, मग म्हातारी. हसता हसता म्हातारी चिकाच्या पातेल्यावर पडायची राहिली.

"अगं माय, ह्यांना मास्तर वाटला! मास्तर!"

"घेतीस का गं?" मास्तरीण म्हणाली. "फुकट देते. चष्म्यासगट."

"नगं माय. माझ्या घरी हाय एक तसलाच."

खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. माणूस नव्हता ना, मग झालं. मी जिना उतरलो, घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आमची बायको चांगल्या चालीची हाय म्हणून शेतातल्या आखाड्यावर म्हशीलासुद्धा सांगितलं. आठ दिवस मी असाच खुशीत होतो. आठव्या दिवशी म्हशीला वैरण टाकताना ते कपाळ आणि ते ओठ एकदम डोळ्यापुढं आले, आणि डोक्यात उजेड पडला. मी वैरणीसकट गव्हाणीत बसलो. म्हशीनं माझी टोपी खाल्ली. मला कळलं नाही.

इथवर हसायचं होतं ते हसून घ्या. यापुढं मी जे केलं त्याला कुणी हसलं नाही.

मी मास्तरला सांगितलं.

मला वाटलं, नवऱ्याला नवऱ्यानं सांगावं, हीच इज्जतीची रीत. मास्तर पेपर वाचत होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "याला पुरावा काय?"

"मी सोता बाजंखाली होतो."

"कोणाच्या बाजेखाली?"

"तुमच्या."

"म्हणजे तुम्ही माझ्या स्लॅबवर माझ्या परवानगीशिवाय शिरलात?"

आधी त्या गोष्टीचा राग त्यानं पुरता काढून घेतला. मग बायकोचा. जिन्याला कुलूप लागलं. मधल्या भिंतीवर काचा बसल्या. मास्तरीण बाजारालासुद्धा एकटी जायची बंद झाली. बोरीच्या बाजारात दोघी समोरासमोर आल्या तर मधे मास्तर पिशवी धरून उभा. वांगी घ्यायला किती वेळ लागतो, घड्याळ लावून बघायचा.

म्हातारी माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. त्या उन्हाळ्याची शेवटची कुरडई तिनं एका डब्यात भरली, वर फडकं बांधलं आणि डबा माळ्यावर टाकला. पुन्हा सोऱ्या हातात धरला नाही. एक दिवस मीच म्हणालो, "चूक झाली माझी."

"व्हय," ती म्हणाली. एवढंच.

बोलणं नव्हतं, पण एक गोष्ट चालू होती. दुपारी दोनला म्हातारी भिंतीला लागून खलबत्ता घेऊन बसायची आणि तीनदा ठोकायची. पलीकडून तीनदा उत्तर यायचं. मास्तरला वाटायचं, आमच्याकडं रोज चटणी कुटतात. मला माहीत होतं, पण यावेळी मी तोंड बंद ठेवलं. जन्मात शिकलेला तेवढाच एक धडा.

पुढं म्हातारीचं पोट बिघडलं, मग कळलं की नुसतं बिघडलेलं नाही. ती अंथरुणाला लागली. मी मास्तरच्या दारात जाऊन उभा राहिलो की भेटायला पाठवा. त्यानं दार उघडं ठेवून 'नाही' म्हटलं आणि मग दार लावलं. दुपारी दोनला म्हातारी भिंतीकडं बघायची. खलबत्ता उचलायची ताकद नव्हती. मग मी बसलो ठोकायला. पलीकडून उत्तर येईना.

"हळू," म्हातारी म्हणाली. "गाईला खुटा ठोकायलाव का? तिला वाटंल, मास्तरच आला भिंत पाडून."

मी हळू ठोकलं. उत्तर आलं. मग रोज मीच ठोकत होतो, अगदी शेवटपर्यंत.

जायच्या आधी आठेक दिवस म्हातारीनं मला जवळ बसवलं. "माझ्या नवमीला तिलाच जेवू घाला," म्हणाली. "दुसरी कुणी बसवू नका. अन् पुरणात गूळ कमी. तिला साखर हाय."

नवमी म्हणजे भादव्यातल्या पित्तरांच्या पंधरवड्यातली अहेव नवमी. नवरा जिवंत असताना जी बाई जाते, तिच्या नावानं त्या दिवशी एक सवाष्ण जेवू घालतात. नवरा आहे तोवरच ही नवमी करायची. तो गेला की संपली. म्हणजे मी जिवंत पाहिजे. आणि जेवायला बसणारी सवाष्ण पाहिजे, म्हणजे मास्तरही जिवंत पाहिजे. जे दोन नवरे या दोघींना नको होते, ते दोन्ही धडधाकट राहिले तरच ही ताटावर भेट होणार. म्हातारीनं हे मुद्दाम केलं की काय, कळायला मार्ग नाही. केलं असेल. डोकं होतं तिला.

मयतीला मास्तरीण आली. अंगणातच बायांच्या मागं उभी राहिली. बाकीच्या बायांनी म्हातारीला हळद-कुंकू लावलं, ओटी भरली. मास्तर पाच हातांवर उभा होता, म्हणून ही पुढं झाली नाही. रडलीही नाही. त्या दुपारी दोनला मी सवयीनं खलबत्ता घेतला आणि खाली ठेवला.

वर्षश्राद्ध उरकलं आणि गेल्या भादव्यात पहिली नवमी आली. पुण्याहून पोराचा फोन आला, "बाबा, तुम्ही दगदग करू नका. इथं मोबाइलवर सगळं ताट मागवता येतं." म्हटलं, मोबाइलवर सवाष्ण बी येती का? त्यानं फोन ठेवला.

तेरा दिवस आधी मी मास्तरकडं गेलो.

"मास्तर, नवमीला मास्तरणीला जेवायला पाठवा."

"गावात सवाष्णी पुष्कळ आहेत."

"तिनं हीच सांगितली."

"हे होणार नाही."

"तिनं मरताना सांगितलंय हो."

"शू," मास्तर म्हणाला आणि तोंडावर बोट ठेवलं. आत मास्तरणीच्या हातातलं भांडं पडलं, ते मला ऐकू आलं.

मी दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. चौथ्या दिवशी गेलो तर दाराला कुलूप. मास्तरला डेंगू झाला होता. परभणीला ॲडमिट केला होता. पेशी भराभर उतरायल्या, असं शेजारी सांगत होते.

दहा दिवस राहिले होते. हा आता मेला तर मास्तरीण जन्मात त्या पाटावर बसणार नाही आणि म्हातारी वर बसून माझ्याकडं त्या आठीनं बघणार. मी लुंगी बदलली, पपईची पानं तोडली, शेळीच्या दुधाची बाटली काखेत मारली आणि बसमध्ये बसलो.

मास्तर कॉटवर पडला होता. सलाइन लावलेलं, चष्मा काढलेला. चष्म्याशिवाय तो सोललेल्या अंड्यासारखा दिसत होता. मास्तरीण उशाशी. मला बघून ती उठली.

"तुमी कशाला आलाव, भाऊजी?"

"ह्याला जगवायला," मी म्हणालो आणि पपईच्या पानांचा रस मास्तरच्या तोंडाला लावला. तो इतका कडू असतो की मेलेला माणूसही उठून बसेल. मास्तर उठून बसला.

त्यानंतर मी हललो नाही. सकाळी रस, दुपारी दूध, संध्याकाळी पुन्हा रस. रोज पेशींचा कागद आला की मी आधी हिसकून घ्यायचो. कमी असल्या की मास्तरवर ओरडायचो, "मास्तर, दम काढा! नवमीला पाच दिवस राह्यलेत!" शेजारच्या कॉटवरचा पेशंट म्हणायचा, असा दोस्त नशिबानं मिळतो. नर्सबाई मला मास्तरचा भाऊ समजत होती. मास्तरीण उशाशी बसून असायची. एकदा मी बाटलीला झाकण लावत होतो, तर म्हणाली, "खलबत्ता शेवटी तुमीच ठोकायचाव ना?"

"व्हय."

"एक ठोका जास्तीचा पडायचा तुमचा." आणि तोंड खिडकीकडं केलं.

सहाव्या दिवशी मास्तरच्या पेशी वर गेल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात धरून म्हणाला, "मी तुमच्याशी असा वागलो, तरी तुम्ही मित्र म्हणून धावून आलात."

"मित्र बित्र काही न्हाई," मी म्हणालो. "तुमी मेलात तर मास्तरीण सवाष्ण राहत न्हाई. तेवढ्यासाठी आलो."

मास्तर माझ्याकडं बघत राहिला. मग मास्तरणीकडं बघितलं. ती खाली बघून सफरचंद कापत होती. बराच वेळ ती तेच सफरचंद कापत होती.

"म्हणजे मी जगावं म्हणून धडपडणारा एकच माणूस," मास्तर हळू म्हणाला, "तोही एका ताटासाठी."

"गावाकडं कोण अजून असंल तर मला माहीत न्हाई," मी म्हणालो. आता वाटतं, हे बोलायला नको होतं. पण मास्तर हसला. आवाज न करता, पण हसला. मग म्हणाला, "अर्धा तास. आणि मी बरोबर येणार."

नवमीच्या दिवशी मी पहाटेपासून चुलीशी होतो. पुरण घालायला जन्मात शिकलो नव्हतो. पुरण पातळ झालं, पोळी तव्यावर फाटली, दुसरी फाटली, तिसरी तव्याला चिकटून राहिली. शेवटी मी सगळं एका वाटीत गोळा केलं. कढी जमली. भजी काळी झाली. ताटात कुरडई पाहिजे, म्हणून माळ्यावर चढलो आणि तो फडकं बांधलेला डबा काढला. चार वर्षांची कुरडई, जरा जुनाट वास लागलेला. भीत भीत तेलात सोडली, तर अशी फुलली की कढईत मावेना.

बारा वाजता दोघं आले. मास्तर ओसरीवर खुर्चीत बसला, चपला पायातच, हातात घड्याळ. मास्तरीण आत आली. चार वर्षांनी त्या घरात तिचा पाय. चुलीकडं बघितलं, अंथरुणाच्या जागेकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. मी पाट मांडला होता. आणि मग माझ्या लक्षात आलं की सवाष्णीला आधी कुंकू लावायला बाई लागते, आणि या घरात बाई नाही. पहाटेपासून मी कढीपत्ता विसरू नये म्हणून बोटाला दोरा बांधून हिंडत होतो आणि हे विसरलो होतो.

"मास्तर लावतील का?" मी विचारलं.

"तिचा करंडा कुठंय?" मास्तरीण म्हणाली.

मी देव्हाऱ्यातून म्हातारीचा करंडा काढून दिला. तिनं झाकण उघडलं. आत कुंकवावर म्हातारीच्या बोटाचा ठसा तसाच होता. मी कधी हात लावला नव्हता. मास्तरणीनं आपलं बोट बरोबर त्या ठशात टेकवलं आणि मग स्वतःच्या कपाळाला लावलं. डोळे मिटून. मी उगीच कढी ढवळत बसलो.

ती पाटावर बसली. आधी कुरडई उचलली, उजेडात धरून बघितली.

"ही आमचीच हाय. ही घडी तिची. तिला गोल जमायचंच न्हाई कधी."

खाल्ली. मग पुरणाची वाटी हातात घेतली. "अन् हे काय हाय?"

"पोळी."

"वाटीत?"

"फाटली."

आणि ती हसली. स्लॅबवर हसली होती तशीच, भिंती हलतील अशी. मीही हसलो. बाहेरून 'शू' येईल म्हणून थांबलो. आला नाही. नुसता आवाज आला, "सत्तावीस मिनिटं झाली."

"थांबा की वो," मास्तरीण आतून ओरडली. "बोटं चाटायलेय!"

तिनं वाटी पुसून काढली. मी साडी दिली. नवी आणायची रीत आहे. मी म्हातारीच्या पेटीतली हिरवी दिली. तिनं ती नाकाला लावली. डोळे तेव्हा वाहिले. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "पुढल्या साली गूळ अजून कमी टाका, भाऊजी."

मास्तरलाही मी ओसरीवर वाटी दिली होती. त्यानं ती संपवली होती. म्हणाला, "पुरण की खीर?" मी म्हणालो, "गिळा."

तेव्हापासून माझ्या मागं मोठं काम लागलं आहे. रोज सकाळी मी मास्तरला येलदरीच्या रस्त्यानं फिरायला नेतो. त्याची साखर बघतो, बीपीची गोळी समोर उभं राहून गिळायला लावतो, तळलेलं दिसलं की हातातून काढून घेतो. स्वतःचीही गोळी घेतो. सकाळचा दुसरा चहा अजून सुटला नाही, पण त्यात साखर घालत नाही. दुपारी दोनला मी खलबत्ता तीनदा ठोकतो. एक ठोका जास्त पडू नये म्हणून मोजून. पलीकडून उत्तर येतं. मास्तर आता ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

काल तो फिरायला येईना. अंगावर पांघरूण ओढून म्हणाला, "आज पाय दुखतायत. एक दिवस राहू द्या."

मी पांघरूण ओढलं.

"उठा मास्तर," म्हटलं. "भादवा लय लांब हाय."